शून्य दाखवणाऱ्या पुलावर बालके उभी न करण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
घाटरस्ता पूल देखभाल उपविभाग,
भोर, जि. पुणे.

अर्जदार : सौ. सबिहा जलील मुलाणी, अंगणवाडी सेविका, उंबरमाळ वस्ती, हिर्डोशीच्या पुढे, ता. भोर.

विषय : उंबरमाळ ओढ्यावरील लोखंडी पूल आजच्या आज बंद करणेबाबत, आणि तो बंद करता येत नसल्यास, येत्या सोमवारी माझ्या अंगणवाडीतील बालकांना पुलाच्या मध्यभागी उभे करण्याची सूचना रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे निमंत्रण व सूचनापत्र.
२) मी आपल्या कार्यालयात समक्ष येऊन केलेली विनंती, जिची कुठेही नोंद झालेली नाही.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी उंबरमाळ येथील अंगणवाडीची सेविका असून आजवर अनेक कार्यालयांस अनेक अर्ज केले आहेत. वजनकाट्यासाठी केला, गळक्या पत्र्यासाठी केला, किडक्या मटकीसाठी केला. अर्ज कसा लिहावा हे मला ठाऊक आहे. परंतु हा अर्ज घाईत लिहीत आहे, तरी अक्षर वाईट आल्यास राग मानू नये.

१. आपल्या पत्रात असे नमूद आहे की, सदर पूल तपासणीअंती सुस्थितीत आढळल्यामुळे घटस्थापनेच्या मुहूर्तावर तो सर्व वाहनांस खुला करण्यात येत आहे. पुलाची ताकद जनतेस दिसावी म्हणून पहिल्या प्रथम पोकलेन लादलेला ट्रेलर जाईल, त्यामागून हार घातलेली एसटी जाईल. अंगणवाडीची बालके कठड्याला लागून, पुलाच्या बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंना फुले घेऊन उभी राहतील. तसेच पुलाची निगा राखल्याबद्दल माझे पती श्री. जलील मुलाणी यांचा शाल व नारळ देऊन सत्कार होईल. हे पत्र वाचून वस्तीत आनंद झाला. मी मात्र हा अर्ज लिहायला बसले. त्याचे कारण पुढे लिहीत आहे. कारण जरा लांब आहे, पण साहेबांनी ते अर्ध्यावर सोडू नये ही हात जोडून विनंती.

२. गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून शेफाली मॅडम नावाच्या इंजिनिअर येऊन त्यांनी पुलाच्या खालच्या तुळयांना ताण मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या. त्यास स्ट्रेन गेज म्हणतात, हे आपणांस मी सांगण्याची गरज नाही. परंतु माझी समजूत बरोबर आहे की चूक हे आपणांस कळावे म्हणून लिहिते. पट्टी बोटाच्या नखाएवढी, कागदासारखी पातळ. तिच्यात केसाहून बारीक तार नागमोडी फिरवलेली असते. लोखंड घासून आरशासारखे स्वच्छ करायचे आणि पट्टी त्याला अशी चिकटवायची, की लोखंड ताणले की तीही ताणली जावी. तार ताणली की लांब होते, बारीक होते, आणि तिच्यातून वीज जायला जास्त अडथळा होतो. तो अडथळा पुलाच्या तोंडाशी खांबावर बसवलेला डबा मोजतो आणि आकडा दाखवतो. मीटरभर लोखंड एका केसाच्या जाडीइतके लांबले, तरी डब्यात साधारण शंभराचा आकडा उठतो, असे मॅडम म्हणाल्या होत्या. लोखंड ताणले जाते हेच मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. तोवर माझा समज होता की ते एकतर असते नाहीतर तुटते.

३. त्या डब्याचे आमच्यावर फार उपकार झाले. माझ्या अंगणवाडीतील मुलांना अंक त्यानेच शिकवले. ढेब्यांची मेंढरे पुलावर चढली की आकडा विसाच्या आत राही, दुधाचा टेम्पो आला की चाळिशी ओलांडी, एसटी आली की शंभराच्या वर जाई आणि मुले टाळ्या पिटत. वाहन उतरले की आकडा परत शून्याशी येई. माझ्या मदतनीस सोजराबाई ढेबे यांना लिहिता येत नाही, त्यासुद्धा एसटीत डोकावायच्या आधी आकडा बघून सांगू लागल्या, की आज गर्दी हाय, हुबं राहून जावं लागंल. पुढे माघात एसटीचा आकडा दर आठवड्याला वाढू लागला. मॅडमनी अहवाल दिला आणि आपल्याच कार्यालयाने एसटी व जड वाहने बंद केली. तेव्हापासून एसटी भोरच्या बाजूला थांबते आणि आम्ही पायी पूल ओलांडतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चालल्याने कोणी मरत नाही.

४. आता मुख्य मुद्दा. चैत्रात आमच्या भैरवनाथाची जत्रा असते. पालखी पुलावरून जाते, म्हणून दरवर्षी जत्रेआधी सगळी वस्ती मिळून पूल धुते, गवत काढते, गंज खरवडून रंग देते. ही आमची जुनी रीत आहे. यंदा तुळईच्या खालच्या पाखाला, म्हणजे आडव्या कडेला, रंग देताना खाचेत एक वीतभर लोखंडी पट्टी नुसतीच ठेवलेली सापडली. तिला वायर जोडलेली होती, पण पट्टी कशालाच जोडलेली नव्हती. पाहणाऱ्यांना वाटले, सरकारी लोखंड निखळले. साहेब, त्याच पुलाचा कठडा पूर्वी चोरीला गेला होता, तेव्हा पोलिसांनी चोर शोधण्याऐवजी आमच्या वस्तीतल्या पुरुषांना दिवसभर चौकीत बसवून ठेवले होते. त्यामुळे सुटे सरकारी लोखंड पाहिले की आमच्या लोकांच्या तोंडचे पाणी पळते. वस्तीतील ज्येष्ठ श्री. सावळाराम ढेबे लगेच म्हणाले, "जलीलभाय, आदी ह्ये घट्ट करा. उद्या भंगारवाल्यानं नेलं तर आळ आपल्यावर यील."

माझ्या पतींचा भोरमध्ये ग्रिल व गेट बनवण्याचा व्यवसाय आहे. त्यांनी जनरेटर आणून ती पट्टी तुळईला दोन्ही टोकांनी वेल्डिंग मारून पक्की केली. मधली वायर जळू नये म्हणून त्यावर किंतानाचे ओले पोते धरले. इतके नीट काम त्यांनी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीलासुद्धा कधी केलेले नाही. सगळ्यांनी शाबासकी दिली, रंग लागला, पालखी गेली.

५. त्या दिवसापासून डबा शून्य दाखवतो. मेंढरे गेली तरी शून्य, टेम्पो गेला तरी शून्य. मुले रुसली की डबा मेला. पण तो मेला नव्हता, त्याचा हिरवा दिवा चालू होता. मी आपल्या कार्यालयास फोन करून कळवले, तेव्हा मला आनंदाची बातमी देण्यात आली की शून्य म्हणजे ताण नाही, आणि ताण नाही म्हणजे पूल सुधारला. पुढे लेखी पत्रही आले, ज्यात ग्रामस्थांनी केलेल्या रंगकामामुळे पुलाच्या स्थितीत लक्षणीय सुधारणा झाल्याचे नमूद आहे. ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. रंगाने पूल बरा होत असेल तर माझ्या अंगणवाडीच्या पत्र्यालाही एक डबा मंजूर करावा, असे तेव्हा गमतीने मनात आले होते. आता गंमत सुचत नाही. त्या शून्यावर विसंबून आपण मे महिन्यात घाटाच्या कामाचे डंपर सोडले. भरलेले डंपर गेले, शून्य. पावसाळाभर गेले, शून्य.

६. मुलांचे अंक परत यावेत एवढ्याच हेतूने मी गेल्या आठवड्यात शेफाली मॅडमना फोन लावला. त्या आता नागपूरकडे दुसऱ्या कामावर आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, की बाजूची मोकळी पट्टी अजून मोकळीच आहे ना? मी म्हणाले, नाही, आता ती चांगली पक्की आहे. त्यावर मॅडमनी विचारले, कशाने पक्की केली? मी म्हणाले, दोन्ही टोकांना वेल्डिंग मारून.

मग त्यांनी समजावले ते असे. ऊन तापले की लोखंड ओझ्याशिवायही फुगते, आणि चिकटवलेली पट्टी तेही मोजते. म्हणून तसाच दुसरा गेज एका सुट्या लोखंडावर लावून शेजारी मोकळा ठेवायचा, आम्हाला खाचेत सापडली ती पट्टी तीच. त्याला ऊन लागते पण ओझे लागत नाही. डबा पहिल्यातून दुसरा वजा करतो, उन्हाचे उन्हात जाते, उरतो तो ओझ्याचा ताण. मला हे झटकन समजले, कारण रांगणारे पोर काट्यावर ठरत नाही तेव्हा मी हेच करते. आधी आई पोराला घेऊन काट्यावर, मग आई एकटी, आणि वजाबाकी. आता माझ्या पतींनी काय केले, तर दुसऱ्यांदाही आईच्या कडेवर पोर देऊन ठेवले. दोन्ही वेळा तेच वजन, वजाबाकी शून्य. म्हणून पोराला वजनच नाही असे मी वर कळवले, तर मला कामावर ठेवतील काय? तुळई ताणली जाते, तिच्याबरोबर ती पट्टीही तितकीच ताणली जाते, आणि डबा इमानदारीने शून्य सांगतो. डब्याचा दोष नाही. पूल उद्या कोसळला तरी कोसळेपर्यंत तो शून्यच सांगेल. मॅडमचे शेवटचे शब्द जसेच्या तसे देते : "ताई, चैत्रापासून त्या पुलाला काय झालंय हे कुणालाच माहीत नाही. त्यावर काहीही जाऊ देऊ नका."

माझ्या पतींचे हात धड नसते, वायर जळाली असती, तर डब्यात बिघाड दिसला असता आणि कोणी ना कोणी दुरुस्तीला आले असते.

७. मी दुसऱ्याच दिवशी आपल्या कार्यालयात आले. आपण दौऱ्यावर होता. तेथील लिपिकांनी माझे म्हणणे ऐकले, चहा विचारला, आणि सांगितले की तपासणीचा कालावधी संपला असून फाइल बंद झाली आहे. मी म्हणाले, फाइल बंद झाली, पूल कुठे बंद झाला? त्यावर ते हसले आणि म्हणाले, "अवो ताई, सरकार शून्य म्हणतंय, तुमी कशाला जिवाला घोर लावून घेता?" शेफाली मॅडमनीही आपणांस ईमेल केल्याचे त्या सांगतात. त्यांस उत्तर गेले की त्यांचे कंत्राट संपल्यामुळे त्यांचे मत विचारात घेता येत नाही. मग ती पट्टी तरी कापून मोकळी करण्याची परवानगी द्यावी, असे मी विचारले. तर समारंभ होईपर्यंत यंत्रणेस कोणीही हात लावल्यास फौजदारी होईल, असे मला बजावण्यात आले. म्हणजे चुकून हात लावला त्याची शाल, आणि चूक दुरुस्त केली तर बेडी. यावर मी हात टेकले.

८. भीती उगाच वाटत नाही, हे दाखवण्यासाठी पुढील गोष्ट नोंदवते. पूर्वी पाऊस थांबला की पुलावरचे पाणी दोन्ही टोकांना वाहून जाई. यंदा पुलाच्या मध्यभागी डबके साचते आणि ऊन पडेपर्यंत हटत नाही. मुले त्यात होड्या सोडतात. ज्या जागी होड्या सोडतात, त्याच जागी आपण त्यांना फुले घेऊन उभे करणार आहात. सोजराबाईंना मी हे दाखवले, तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बाई, ह्यो तर खाटंवाणी खचलाय." तेव्हापासून वस्तीतल्या आया पुलावरून जात नाहीत. पाणी ओसरले आहे, त्या मुलांना कडेवर घेऊन ओढ्यातून जातात.

मी मुळातच भित्री बाई आहे. मला सापाची, विजेची आणि साहेबांची भीती वाटते. पण आता जी भीती बसली आहे ती वेगळी आहे. मुले शिकताना बडबडतात, त्यात शून्य हा शब्द आला की मी त्यांना मध्येच थांबवते. माझ्या पतींचे जेवण तुटले आहे. सत्काराला घालायचा सदरा इस्त्री करून ठेवला होता, तो त्यांनी घडीसकट पेटीत टाकला. ते मला म्हणतात, "म्या चांगलंच कराया गेलो व्हतो गं. पोरास्नी काय झालं तर म्या कुठं तोंड दाखवू?" त्यांचे नाव या अर्जात लिहू नये असे माझ्या भावाने सांगितले होते. मी ते लिहिले आहे. त्यांच्यावर गुन्हा दाखल करायचा असल्यास करावा, पण आधी पूल बंद करावा. एवढा क्रम तरी आपण पाळावा अशी माझी विनंती आहे.

९. सबब नम्र विनंती की,

(अ) सदर पूल सर्व वाहनांस तात्काळ बंद करून ट्रेलर रद्द करावा. ताकद दाखवायचीच असेल तर ती पुलावरून न जाता दाखवावी.

(ब) शेफाली मॅडमना किंवा त्यातले कळणाऱ्या कोणासही बोलावून ती पट्टी मोकळी करावी आणि पुलाचा खरा आकडा पाहावा.

(क) वरील दोन्ही शक्य नसल्यास, सोमवारपासून माझी अंगणवाडी तात्पुरती पुलाच्या भोरकडील तोंडाशी, भर रस्त्यावर भरवण्यास जागाबदलाची मंजुरी मिळावी. सतरंजी आमची, खाऊ आमचा. कार्यालयास कोणताही खर्च नाही. मंजुरी न मिळाल्यासही मी तेथेच भरवणार आहे, हे सांगून ठेवणे माझे कर्तव्य समजते. बालके रस्त्यात बसलेली असताना ट्रेलर पुढे जाणार नाही एवढा माणुसकीवर माझा अजून विश्वास आहे. आपल्या पत्रात मुलांनी हजर राहावे असे लिहिले आहे, ती हजर राहतील. फक्त पुलावर नाही, पक्क्या जमिनीवर.

साहेब, मी खोटी ठरले तर मला आनंद होईल. पूल धडधाकट निघाला तर माझी खुशाल बदली करा, नोकरीवरून काढा, वेडी म्हणा. मी पेढे वाटीन. पण मी खरी निघाले तर ते आपणांस कळवायला त्या दिवशी कोणाजवळ शब्द उरणार नाहीत.

उत्तराची नव्हे, आपल्या येण्याची वाट पाहणारी,
आपली नम्र व फार घाबरलेली,

(सही)
सबिहा जलील मुलाणी
उंबरमाळ, दि. १९ सप्टेंबर २०२५

सोबत : १) आपल्या सूचनापत्राची प्रत. २) पुलावरील डबक्याचा फोटो, होडीसह. ३) वस्तीतील आयांच्या सह्या व अंगठे.

ता. क. : शनिवार, दि. २०. अर्ज द्यायला निघण्यापूर्वी पुढील गोष्ट घडली, म्हणून मागच्या बाजूस लिहीत आहे. आज सकाळी माझे पती फौजदारीची पर्वा न करता हेक्सॉचे पान घेऊन पुलाखाली उतरले. एक टोक मोकळे केले तरी पुरे आणि आच अजिबात लावू नका, असे मॅडमनी फोनवर सांगितले होते. म्हणून त्यांनी हातानेच कापले. सावळाराममामांनी मेंढरे वस्तीकडेच रोखून धरली होती. इकडे भोरच्या बाजूला दुधाचा टेम्पो मी थांबवला. पुलावर माणूस नव्हता, जनावर नव्हते, वाहन नव्हते. सोजराबाई आणि मी डब्यापाशी उभ्या होतो, मॅडम फोनवर होत्या. पट्टीचे टोक सुटल्याचा आवाज वर आला आणि त्याच क्षणी शून्य गेले. आकडा एसटीच्या आकड्याच्या कितीतरी पट वर जाऊन थांबला आणि तांबडा दिवा लागला.

मी आकडा वाचून दाखवला. मॅडमनी विचारले, आत्ता पुलावर काय आहे? मी म्हणाले, काही नाही. त्यांनी पुन्हा तेच विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. मग त्यांनी विचारले, जलीलभाऊ कुठे आहेत? मी म्हणाले, खाली. त्यावर त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की फोन कानाला नसलेल्या सोजराबाईही ऐकून खाली धावल्या.

माझे पती बाहेर आले आहेत. आया मुलांना ओढ्यातून इकडे आणत आहेत आणि मी सतरंजी अंथरली आहे. सोमवारची वाट पाहण्यात आता अर्थ नाही. हा अर्ज दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हाती देत आहे.

पूल अजून रिकामाच आहे, आणि आकडा अजून खाली आलेला नाही.